टोळीचं तेल

रुखमाबाईंनी तेलाची वाटी चुलीच्या वैलावर ठेवली आणि भागीरथा हातातलं काम सोडून तिकडे पाहत राहिली.

वाटी साधीच होती, पितळेची, काठाला चेपलेली. तेल टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. सासरी सिंदेवाहीकडे ते घरोघरी असतं. थंडी पडली की तुपासारखं थिजतं, आणि अंगाला लावायचं तर आधी जरा ऊब द्यावी लागते. कार्तिक लागला होता, तेव्हा थिजलेलं तेल पातळ करायला ठेवण्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. पण रुखमाबाई, तिच्या सासूबाई, काल संध्याकाळच्या गाडीनं गावाहून चांद्याला आल्या त्या सांगावा न धाडता. पिशवीतून आधी नातीसाठी, कलासाठी, मुरमुऱ्याचे लाडू निघाले, मग लुगडं, आणि लुगड्याच्या घडीतून ही बाटली. ‘गुडघे दुखून राह्यले,’ असं त्या कुणी न विचारताच म्हणाल्या होत्या. सकाळपासून मात्र त्यांनी गुडघ्यांना हात लावला नव्हता. आणि देवाजी वखारीत गेला नव्हता. सागवानाच्या वखारीत लाकडांची मापं घेणारा तिचा नवरा अंगात ताप असला तरी दांडी मारत नसे. आज तो अंगणात बसून चपलेचा अंगठा शिवत होता आणि स्वयंपाकघराकडे पाहणं टाळत होता. भागीरथानं ज्वारीच्या पिठाची परात पुढे ओढली, पण पिठात पाणी घालायचं तिला सुचेना. तेलाचा तो जड, कडवट वास घरभर पसरत होता. हा वास तिच्या ओळखीचा होता.

याआधी या घरात तिच्यासाठी हे तेल एकदाच गरम झालं होतं. तेव्हाही सासूबाई अशाच न सांगता आल्या होत्या. तेव्हाही सगळे तिच्याशी हळू बोलत होते. झोपलेल्या माणसाजवळून जावं तसे पाय न वाजवता तिच्याजवळून जात होते. मग रुखमाबाईंनी तिला समोर बसवलं, मनगटांना तेल चोळलं, तिची बोटं एकत्र दाबून धरली आणि हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एकही फुटू दिली नाही. सगळ्या आपल्या पदराच्या टोकाला बांधल्या, आणि उघड्या पडलेल्या मनगटांना काळा दोरा बांधून त्या म्हणाल्या, “हे पाय, साबूत हायेत. माह्यापाशी हायेत. तिथी कोणी फोडल्या नाई पायजे म्हणून काढून राह्यली. देवाजी जिता हाये. समजलं?” तिनं मान हलवली. मग टांगा आला, मग गाडी, मग दुसऱ्या मोठ्या शहरातला तो दवाखाना, ज्याचं नाव घरात कुणी घेत नसे. ‘तिथी’ म्हणत. तिथी गेली, तिथून आली. एवढ्याशा शब्दात तो दवाखाना, त्याच्या भिंती, कानशिलाला लावायच्या विजेच्या झटक्यांची खोली आणि आवारातलं कडुनिंबाचं झाड, सगळं मावत असे.

देवाजी जिता हाये, हे दुसऱ्या खेपेला सासूबाईंना बजावून सांगावं लागलं, त्याला पहिल्या खेपेची गोष्ट कारण होती. पहिल्या खेपेला दवाखान्यात शिरताना तिथल्या आयाबाईनं तिचे हात उंबऱ्यावर टेकवले आणि बांगड्या दगडानं फोडल्या. काच कुणी अंगाला लावून घेऊ नये म्हणून तसा नियमच होता, आणि आयाबाई बिचारी रोजच्यासारखं आपलं काम करत होती. पण नियम भागीरथाला कुणी समजावून सांगितला नाही. सांगितला असता तरी त्या वेळी तिच्या कानात पाण्याचा आवाज होता, तो शिरला नसता. बाईच्या बांगड्या दुसरी बाई दगडानं फोडते तेव्हा काय झालेलं असतं, हे गावाकडच्या पोरीलाही सांगावं लागत नाही. देवाजी गेला, असं तिनं धरलं. तिला सोडून परत जाताना वाटेत गेला असेल, आणि या लोकांनी दया म्हणून तोंडानं सांगितलं नसेल. तिनं त्याच दिवशी कुंकू पुसलं. जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून ती नवऱ्याचं नाव घेऊन रडत राहिली आणि डॉक्टरांना वाटलं, बाईचं दुखणं वाढतं आहे. भाताची रोवणी आटोपल्यावर देवाजी तिला न्यायला आला, तर फाटकापाशी त्याला उभा पाहून ती किंचाळली आणि पडली. मेलेला माणूस धोतर झटकत दारात उभा राहिला तर दुसरं काय होणार? तो एकटाच परत गेला. ती दिवाळी तिथं गेली, संक्रांत तिथं गेली. कुणी मुद्दाम वाईट केलं नव्हतं, आणि तरी तिच्या आयुष्यातले ते महिने कुणीच तिला परत आणून देणार नव्हतं.

“भागीरथा, पीठ भिजवतं का नुसती पाहून राह्यली?” रुखमाबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. रोजच्यासारखा खेकसलेला असता तर तिला किती बरं वाटलं असतं.

“भिजवतो, आत्याबाई.” सासूला ती आत्याबाईच म्हणे.

“हात धुवून घेजो मंग. तुह्यासंग काम हाये.”

काम. तिनं पिठाकडे पाहिलं. काम काय ते तिला ठाऊक होतं, आणि कशामुळे, तेही. गेल्या बाजाराच्या दिवशी वखारीचे मुनीमजी घरी आले होते. गोरापान, पोट सुटलेला माणूस. त्यांना मानानं खाटेवर बसवलं. ते सागवानाच्या भावाबद्दल बोलू लागले आणि बोलता बोलता खाटेची सुंभाची वीण मधोमध तुटली. मुनीमजी हळूच खाली गेले. गुडघे कानांपाशी आले, टोपी डोळ्यांवर आली, पण बोलणं थांबलं नाही. ‘आलापल्लीचा माल म्हंजे मालच’ हे वाक्य त्यांनी त्या खड्ड्यातून पुरं केलं. कला खुदकन हसली. देवाजी हसला. खुद्द मुनीमजी हसले. भागीरथाही हसली, आणि इतरांचं हसू ओसरलं तरी तिचं आणखी थोडं चालू राहिलं. थोडंच. ओंजळीतून सांडून जाईल एवढं. पण तेवढ्यात देवाजीची मान वळली आणि त्याच्या डोळ्यांत ती जुनी भीती आली. तिनं पदर तोंडात कोंबला. हसू गिळलं ते अजून छातीत अडकल्यासारखं होतं.

कारण या घरानं तिचं दुखणं हसण्यावरून ओळखायचं ठरवलं होतं. कलाच्या पाठीवर झालेला मुलगा बारशाआधीच गेला, आणि सांत्वनाला आलेल्या बायकांपुढे ती हसली. सुरुवात तिथून झाली, असं सगळे सांगत. खरं तर सुरुवात कितीतरी आधी झाली होती. तेव्हा ते गावीच राहत, आणि ती गावाच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि आपण पाण्यात का आलो ते तिला आठवायचं नाही. भूक जायची. दुधानं छाती भरून यायची आणि ते कुणाला द्यावं कळायचं नाही. कानात रात्रंदिवस पाट फोडल्यासारखा पाण्याचा आवाज यायचा. ते खरं दुखणं. ते कुणाला दिसलं नाही, कारण तेव्हा ती भात शिजवत होती, शेण काढत होती, न बोलता सगळं करत होती. उलट सासरी तिची वाखाणणीच झाली, की पोरगं गेलं पण बाईनं काम सोडलं नाई. हसली तेव्हा मात्र सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. आता तर कानात पाणी नव्हतं. भूक लागत होती. वांग्याच्या भाजीला चव होती. ती बरी होती, हे तिला आतून कळत होतं, पण ते दाखवायचं कशानं? न हसण्यानं. दोन वर्षं ती हसू राखत होती. कला काही गमतीचं बोलली की ती उठून पाण्याला जायची. आपली माय हसतच नाही असं त्या लेकराला वाटत असेल, आणि याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटे.

तिसऱ्यांदा गेलं की बाई परत येत नाही. असं काही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण बायकांच्या आवारात सगळ्यांना ते माहीत होतं. बायकांचं आवार आणि पुरुषांचं आवार यांच्यामध्ये उंच भिंत होती. पलीकडचं दिसत नसे, ऐकू मात्र येई. रोवणीच्या तोंडावर आणि पुन्हा कापणीच्या तोंडावर पलीकडे गडबड उडायची. रखवालदार नावं पुकारायचा. कुणाचा भाऊ आलेला असे, कुणाचा बाप, कुणाचा काका. धान उभं आहे, हात पाहिजेत, थोडा बरा असला तरी चालेल, आम्ही सांभाळून घेऊ. पुन्हा बिघडले तर पुन्हा आणून सोडत, आणि पुन्हा हंगाम आला की घेऊन जात. पुरुष असे हंगामागणिक आत-बाहेर होत राहत. भिंतीच्या अलीकडे बायका कडुनिंबाखाली बसून ती नावं ऐकत. त्यांच्यासाठी हंगाम येत नसे. त्यांचं घरातलं काम कुणी ना कुणी उचललेलं असे, नणंद, जाऊ, नाही तर नवऱ्यानं दुसरी केलेली बायको. एकदा जागा भरली की मग बरी झालेली बाई घरात ठेवायची कुठं?

तिथं बुधरी होती. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची, गोंड, तिच्या भाषेतलं आवारात कुणालाच काही कळत नसे. ती कडुनिंबाची पानं गोळा करायची, तेंदूपत्त्याची जुडी बांधतात तशी त्यांची जुडी बांधायची आणि भिंतीला लागून नीट रांगेत मांडायची. कुणी मोडली तर रडायची नाही, पुन्हा बांधायची. मराठी तिला थोडीच येई. ‘मोह पडन तवा येतीन,’ ती भागीरथाला सांगे. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत तिची माणसं तिला न्यायला येतील. भागीरथा पहिल्यांदा गेली तेव्हा बुधरी तेच म्हणत होती, दुसऱ्यांदा गेली तेव्हाही तेच. मधे किती वेळा मोह पडून गेला होता. भागीरथाला घरी न्यायला देवाजी आला तेव्हा बुधरीनं एक जुडी तिच्या हातात ठेवली, आणि फाटकाबाहेर आल्यावर भागीरथानं ती रस्त्याच्या कडेला टाकून दिली. घरी वेड्या बाईची वस्तू नको म्हणून. अजूनही कडुनिंबाखालून जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि मुखरू. धाकटा दीर, गावाकडची शेती पाहणारा. तोही ‘तिथी’ जाऊन आला होता. एका पोळ्याला बैल सजवता सजवता त्याचं डोकं फिरलं, कुऱ्हाड घेऊन आपल्याच बैलाच्या मागे धावला, शेजारच्या दोन घरांचे माठ फोडले, चार गड्यांनी बांधून त्याला गाडीत घातला. पण कापणीला तो घरी होता. रखवालदारानं पुकारलेलं ते नाव तिनं भिंतीच्या अलीकडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, कारण दुसऱ्या खेपेची ती तेव्हा आतच होती. देवाजी भावाला न्यायला आला होता. फाटकातून आत येऊन, भिंतीच्या त्या बाजूला जाऊन, भावाला घेऊन तो निघून गेला. या बाजूला आला नाही. पुढे घरी आल्यावर तिनं त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. आला असता तर काय झालं असतं, हे तिनं कडुनिंबाखाली बसून इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की ते झाल्यासारखंच आठवे. मुखरूचं त्याच माघात लग्न लावलं. लग्न केलं की गडी ताळ्यावर येतो, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मुलीच्या बापाला सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. तो म्हणाला, गडी माणूस हाये, डोस्कं तापतेच कवा तवा. त्या गोष्टीचा तिला तेव्हा राग आला नव्हता. आज पिठाच्या परातीपुढे बसून मात्र तिला एकदम जळजळीत राग आला.

“इकडे ये वं,” रुखमाबाई म्हणाल्या. वाटी त्यांनी खाली घेतली होती. कलाला त्यांनी लाडू देऊन अंगणात बापापाशी पाठवून दिलं. तेही मागच्यासारखंच. “बस. हात दे.”

भागीरथा बसली. पळून जावं असं तिच्या मनात आलं नाही. पळणारी बाई वेडीच, हे तिथं शिकायला मिळालं होतं. किंचाळणारी वेडी, रडणारी वेडी, गप्प बसणारीही वेडी, आणि यातून वाट काढत शहाणं दिसायचं म्हणजे सुतळीवरून चालण्यासारखं होतं. तिनं दोन्ही हात पुढे केले. सासूबाईंची बोटं कोमट तेलात बुडाली आणि तिच्या मनगटांवर फिरू लागली. जुन्या, खरखरीत, भाताच्या कापणीचे व्रण असलेल्या बोटांत जोर होता आणि मायाही होती, हेच वाईट होतं. दुष्टपणे कुणी केलं असतं तर भांडता आलं असतं. तिनं डोळे मिटले आणि ती कलाचा चेहरा नीट आठवून ठेवायला लागली. समोरचा पडलेला दात. कपाळावरचा देवीचा व्रण. तिथं गेलं की चेहरे पुसट होत जातात. मागच्या खेपेला शेवटी शेवटी तिला लेकीचे फक्त कान आठवत होते.

पहिली बांगडी उतरली. दुसरी. काचेचा तो बारीक किणकिणाट.

“मले समजलं, आत्याबाई,” ती म्हणाली. “मुनीमजी खाटेत पडले तवा मी हासली म्हणून. पण मले काई होऊन नाई राह्यलं. खरंच नाई. जेवतो मी, झोपतो मी. इचारा ना त्याईले.”

रुखमाबाईंची बोटं थांबली. “कोनते मुनीमजी?”

“तुमाले सांगतलं नाई?”

“मले कोनी काई नाई सांगतलं. देवाजीले तं मीच सांगाले आली.” त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग मनगटं सोडून त्यांनी स्वतःच्या लुगड्याचा पदर वर सारला. विधवेचा उघडा हात. त्यावर काळेनिळे वळ होते, बोटांच्या आकाराचे. “मुखरूचं फिरून सुरू झालं. दसऱ्यापासून झोप नाई त्याले. मारत नाई, पण हात धरते. कोनाचाई धरते अन् सोडत नाई. पयले त्याची बायको धरून बसे, थे बाळंतपणाले माहेरी गेली. परवा शेजारची सुगंधाबाई त्याले भात वाढाले आली, तिचा धरला. काच फुटली, सारी त्याच्या तळहातात घुसली. रगतच रगत. म्हणून म्हटलं, तुह्या आधीच काढून घेतो. तुले गावाले नेतो. तुले त्याचं समजते. तू राह्यली नं तिथी.”

भागीरथाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आपल्याला नेत नाहीयेत. डोळ्यांत पाणी आलं. चुलीतला जाळ, परात, भिंतीवरची कलानं कोळशानं काढलेली चिमणी, सगळं जागच्या जागी होतं आणि उद्याही राहणार होतं. ती मोकळी होती. तिनं तेलकट हातांनीच डोळे पुसले. आनंद एवढा होता की त्याच्याआडून दुसरं काही येतं आहे हे तिला लगेच जाणवलं नाही. ते हळूहळू वर आलं.

“मुखरूभाऊले तिथी काऊन नाई नेत?” तिनं विचारलं.

“धान उभं हाये वं. पंधरवड्यात कापणी. अन् आता बाप होऊन राह्यला तो, घडीघडी तिथी धाडला तं लोक काय म्हणतीन? घरीच होईल बरा. संग बसलं, हात धरू देल्ला, का निवते तो. जास्त काई नाई लागत.”

जास्त काही नाही लागत. संग बसलं, हात धरू दिला, की निवतं. भागीरथानं आपल्या तेलानं चमकणाऱ्या मनगटांकडे पाहिलं. बोडीत उभी राहायची ते दिवस तिला आठवले. तेव्हा तिलाही काही जास्त लागत नव्हतं. कुणी येऊन नुसतं काठाशी बसलं असतं तरी. तिच्या कानातलं पाणी थांबलं असतं की नसतं हे आता कोण सांगणार, पण कुणी बसून पाहिलं नव्हतं. सरळ टांगा आला होता.

“आत्याबाई,” ती म्हणाली, आणि हे आपण बोलतो आहोत याचं तिलाच आश्चर्य वाटलं, “मले नेलं, तवा काऊन नाई धरलं कोनी?”

रुखमाबाईंनी वाटीतलं तेल बोटानं ढवळलं. त्या कठोर बाई नव्हत्या. विचार करून, खरं तेच बोलावं म्हणून, त्या हळू म्हणाल्या, “तुले धराले होतं कोन वं? घरात धरनारी तं तूच.”

एवढंच होतं सगळं. कुणी तिच्यावर राग धरला नव्हता, कुणाला ती नकोशी झाली नव्हती. घरात दुखणं आलं की उशाशी बसणारी एक बाई असते, आणि तीच पडली की उशाशी बसायला कुणी उरत नाही. मग टांगा बोलवावा लागतो. देवाजी भिंतीच्या या बाजूला आला नाही तेही त्यामुळेच असेल. भाऊ परत नेला की भावाला सांभाळायला माणसं होती. तिला परत नेऊन तो कुणाच्या हाती देणार होता? तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. बुधरीची माणसंही अशीच असतील, चांगली, अडलेली, दर मोहाला तिची आठवण काढणारी. तिनं टाकून दिलेली ती जुडी या क्षणी हातात असती तर तिनं ती देवापाशी ठेवली असती.

“मी येतो,” ती म्हणाली. “मुखरूभाऊपाशी बसतो. पण कला माह्यासंग येईन. अन् एक गोष्ट तुमी मले आताच सांगा. उद्या मलेच काई झालं, तं माह्यापाशी कोन बसन?”

सासूबाईंनी पुन्हा तिचा हात ओढून घेतला आणि उरलेल्या बांगड्यांना लागल्या. खोटा शब्द देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि खरा त्यांच्यापाशी नव्हता. बांगड्या निघत गेल्या. शेवटची एक, अंगठ्याच्या सांध्यापाशी अडली. त्यांनी आणखी तेल घेतलं. बोटं दाबली. ओढली. निघेना. त्यांनी पाय रोवले, दात आवळले आणि सगळा जोर लावून हिसका दिला, तशी त्यांची तेलकट पकड एकदम सुटली आणि रुखमाबाई मागच्या मागे कलंडल्या त्या थेट परातीत. पिठाचा ढग उठला. त्यातून दोन पाय वर आलेले दिसले, मग पांढरीफटक झालेली सासू उठून बसली, भुवया पांढऱ्या, मिशा फुटल्यासारखं ओठांवर पीठ. डोळे मात्र रागानं गरगर फिरत होते. बांगडी जागच्या जागी, मनगटावर.

भागीरथा हसली. दोन वर्षं राखलेलं, मुनीमजींच्या दिवशी गिळलेलं, सगळं एकदम वर आलं. तिनं पदर तोंडाशी नेला, पण हाताला तेल होतं, पदर निसटला. ती हसत राहिली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. आता थांबायला हवं हे तिला कळत होतं. आता तरी. आता. पण हसू थांबेना, आणि त्याच्या आतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, मोठा, मोकळा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

अंगणात चपलेवरची टोचणी थांबली. मग पावलं आली आणि दाराबाहेर थबकली. देवाजी आत आला नाही. आत जे दिसेल ते पाहायला नको म्हणून तो तसाच उंबऱ्यापलीकडे उभा राहिला असावा.

“माय,” त्यानं हाक मारली. आवाज अगदी हळू होता, आणि त्यात ती जुनी भीती होती. “माय, कोन हासून राह्यलं?”

भागीरथाचं हसू तिथंच विरलं. तिनं सासूकडे पाहिलं. रुखमाबाईंच्या पिठानं माखलेल्या तोंडावर हसण्याची एक रेघही नव्हती. त्या दाराकडे पाहत होत्या, मग तिच्याकडे पाहू लागल्या, आणि असं पाहत असताना त्यांचा हात पुढे आला आणि त्या एका बांगडीवरून भागीरथाच्या मनगटाभोवती घट्ट बसला.

“मी,” रुखमाबाई म्हणाल्या. “मीच हासली.”